आमच्या भागात दोष नाही

९ फेब्रुवारी, सोमवार

मावशीने आज दारातच गाठलं. "तुमचं यंत्र खोटं बोलतं!" — मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

प्रकरण असं. काल सकाळी ती भांडी घासताना ओट्याला टेकली आणि गळ्यातलं बटण दाबलं गेलं. पीप-पीप सुरू झालं. शिकवल्याप्रमाणे तिने ते दाबून धरलं, रद्द केलं. पाच-सात मिनिटांनी तिला खरंच माझ्याशी काम निघालं. चष्मा पलंगामागे पडला होता आणि वाकवत नव्हतं. म्हणून परत दाबलं. हिरवा दिवा लागला. हिरवा म्हणजे निरोप पोचला, हेही मीच तिला शिकवलेलं. ती वाट बघत बसली. माझा फोन वाजलाच नाही! शेवटी चाचपडत जाऊन तिने साध्या फोनवरून मला लावला.

चष्म्यासाठी बटण दाबायचं नसतं यावरून आमचं वाजलं. ते पडल्याझडल्यासाठी आहे, मी म्हटलं. "आणि पडल्यावर नाही वाजलं तर?" ती म्हणाली. एक्याऐंशी वर्षांची आहे, एकटी राहते, माझ्याकडे ये म्हटलं तर ऐकत नाही. म्हणून तर तीन वर्षांपूर्वी मीच तिच्या गळ्यात ते बटण घातलं. आमच्या कंपनीचं! किती छातीठोकपणे सांगितलं होतं — मावशी, नुसतं दाब, मी आलेच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसला जायच्या आधी तिच्याकडे गेले आणि घड्याळ लावून बसले. बटण दाबलं, दाबून धरून रद्द केलं, पाच मिनिटं थांबले, परत दाबलं. हिरवा दिवा. माझा फोन मुका. परत तोच प्रयोग, आठ मिनिटं थांबून. मुका. बारा मिनिटं थांबून केला तेव्हा मात्र खणखणला!

म्हणजे एकदा रद्द केलं की दहाएक मिनिटं ते बटण नुसतं गळ्यात लटकत असतं. आणि वर हिरवा दिवा दाखवतं! माणूस पडल्या जागेवरून त्या दिव्याकडे बघत आपली वाट बघत राहणार.

मावशी "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असंसुद्धा म्हणाली नाही. तिने चहा टाकला. ती टोमणा मारत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

ऑफिसात पोचल्याबरोबर बटणवाल्यांच्या नावे तिकीट टाकलं. आता बघतील तेच.

११ फेब्रुवारी, बुधवार

तिकीट बंद! चोवीस तासही झाले नाहीत. "आमच्या भागात दोष आढळला नाही. बटणाने निरोप पाठवला, पोच मिळाली, दिवा लागला. — टीम दोन."

टीम दोन! माणूस कोण? ते नाही. आमच्याकडे तिकीट बंद करणाऱ्याचं नाव दिसतच नाही, टीमचा नंबर तेवढा दिसतो. टीम दोन दुसऱ्या मजल्यावर, बटणवाले. टीम तीन म्हणजे आम्ही, तिसऱ्या मजल्यावर. बटणाचा निरोप आमच्या सर्व्हरवर येतो आणि तिथून पुढे जातो, आणि तो धड जातोय का ते तपासायचं काम माझं. टीम चार आमच्या डोक्यावर, ॲपवाले. नातेवाइकांचा फोन वाजवायचं त्यांच्याकडे. प्रत्येक मजल्याच्या दाराला कार्ड लागतं आणि माझं कार्ड फक्त तिसरा उघडतं. नऊ वर्षं झाली या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर खिडक्या कुठल्या बाजूला आहेत तेही मला ठाऊक नाही.

संध्याकाळी मावशीने विचारलं, "तिकीट म्हणजे काय गं?" सांगितलं — कुणाकडे तक्रार गेली की तिचं तिकीट होतं. ते तीन दिवसांत बंद करायचं, नाहीतर लाल होतं. लाल झालं की त्या टीमची अब्रू जाते.

"तीन दिवसांत दुरुस्त करायचं?"

"बंद करायचं."

"आणि दुरुस्ती?"

मी म्हटलं, चहा दे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज आमच्याच मजल्यावर शोधलं. सापडलं! दहा मिनिटांचा नियम आमच्या सर्व्हरवर आहे.

नेट गंडलं की बटण तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतं. पूर्वी एकदा दाबलं की घरच्यांचा फोन अकरा-अकरा वेळा वाजायचा, लोक वैतागायचे. मग ॲपवाल्यांनी मागणी केली आणि आम्ही नियम घातला — एका बटणाकडून दहा मिनिटांत दुसरा निरोप आला तर तो पहिल्याचीच नक्कल समजून टाकून द्यायचा. मधे कुणी रद्द केलंय, हे त्या नियमाच्या गावीही नाही.

म्हणजे बटणवाल्यांचं बरोबर. आमचं बरोबर. ॲपवाले जे येईल त्याला फोन वाजवतात, त्यांचंही बरोबर. सगळेच शहाणे, आणि मावशीचा फोन मला येत नाही!

उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक वेळी दाबलं की त्याला नवा नंबर द्यायचा. नंबर बटणवाल्यांनी द्यायचा, आम्ही तपासायचा, ॲपवाल्यांनी ओळखायचा. तिघांनी एका दिवशी केलं तर जमेल. एकट्याने केलं तर जे चालतंय तेही बंद पडेल.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या एकट्याच्या हातात आहे का हे?" नाही. "मग आपण कशाला अंगावर घ्यायचं? टाका तिकडे." टाकलं, दोघांकडेही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

टीम चार : आमच्या भागात दोष आढळला नाही. टीम दोन : आमच्या भागात दोष आढळला नाही. शब्दन्‌शब्द तेच! यांना हे वाक्य कुणी शिक्का करून दिलंय का?

रागारागात दोन मग चहा ढोसला. माझा बक्षिसाचा मग — "सर्वाधिक तिकिटं बंद — जून". चार वर्षांपूर्वी साहेबांनी सगळ्यांसमोर दिला होता, टाळ्यांसकट. आता त्याची कड उडालीये, पण चहा मला त्यातच लागतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज तळमजल्यावर गेले. तिथे कार्ड लागत नाही, कारण तिथे चोरून नेण्यासारखं काही नाही असं बहुतेक वरच्यांना वाटत असावं. तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाई बसतात. कानाला हेडफोन, पायाखाली लाकडी पाट, खुर्चीच्या पाठीला शाल. बारा वर्षं एकाच खुर्चीत.

"तुम्ही वरच्या ना? वाट चुकलात का?"

म्हटलं, नाही बाई, तुमच्याकडेच आलेय. त्यांनी हेडफोन काढून ठेवला. बारा वर्षांत वरून कुणी आलं नव्हतं म्हणाल्या, एकदा फक्त पंखा बघायला इलेक्ट्रिशियन आला होता, तोही चुकून.

रद्द केलं, परत दाबलं, फोन वाजला नाही — अशी तक्रार कुणी केलीय का कधी? विचारलं. बाईंनी ड्रॉवरमधून वही काढली. साधी, दोनशे पानी, कव्हर घातलेली. वर पाठवलेलं तिकीट बंद होऊन आलं की यादीत तळाला जातं आणि परत कुणाला दिसत नाही, म्हणून त्या हाताने लिहून ठेवतात. "लोकांना परत फोन करून काय सांगायचं? आमच्या भागात दोष नाही? मला नाही सांगवत. मी म्हणते, लिहून ठेवलंय."

आमच्यासारख्या नऊ तक्रारी निघाल्या. नऊ! सगळ्यात जुनी चार वर्षांपूर्वीची. बाईंच्या अक्षरात जशी आहे तशी उतरवते :

"मुलीचा फोन. वडील स्वयंपाकघरात पडले. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत. आधी चुकून दाबलं होतं, रद्द केलं. नंतर दाबत होते. हिरवा लागत होता म्हणतात. वर पाठवलं. परत आलं, दोष नाही."

आणि त्याच्याखाली, वेगळ्या शाईत : "अकरा दिवसांनी. मुलीचा फोन. बटण परत करायचंय, आता लागणार नाही."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. तिथेच, बाईंच्या टेबलाशी उभ्या उभ्या रडले. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि पुढचा फोन घेतला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं दोन दिवस तापलेलं होतं. आज दुसऱ्या मजल्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कुणीतरी बाहेर पडलं, मी आत शिरले. (खिडक्या मागच्या बाजूला आहेत. रस्ता दिसतो. आमच्यापेक्षा बऱ्या!)

बटणवाल्यांचा प्रमुख दाढीवाला आहे. त्याच्याशी सहा वर्षं तिकिटांवरून भांडतेय, चेहरा आज पहिल्यांदा बघितला. मला वाटलं होतं म्हातारा असेल. चाळिशीचाही नसावा, आणि टेबलावर उघडलेली बटणं नीट ओळीने मांडून ठेवलेली. मी वहीतली ती नोंद सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचून दाखवली. आणि म्हटलं, "हे तुमच्यापैकीच कुणीतरी बंद केलंय. त्या आजोबांना जमिनीवर सोडून तुम्ही जेवायला गेला असाल!"

तो पांढरा पडला. "आमच्याकडे आलंच नव्हतं हे, मॅडम."

"तुमच्याकडे कधीच काही येत नाही!"

असं म्हणून निघाले. तिथलं दार आतून उघडायलाही कार्ड लागतं, आमच्यासारखं नाही, हे तेव्हा कळलं. त्यानेच येऊन उघडून दिलं. फजितीच ती. पण बोलले ते बोलले, मी मागे घेणार नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लेखी ताकीद मिळाली. "परवानगीशिवाय अन्य मजल्यावर वावर." नऊ वर्षांतली पहिली! घडी घालून मगाखाली ठेवली, टेबलावर डाग पडत नाहीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

मावशीला म्हटलं, हे निस्तरेपर्यंत माझ्याकडे येऊन राहा. नाही म्हणाली. निदान ते बटण काढून ठेव. तेही नाही. "अर्धवट का होईना, वाजतं तरी. मी त्या दहा मिनिटांत न पडायचं बघते."

नवरा म्हणाला, हा तुझा हट्ट कुणाकडून आलाय ते आज कळलं.

मग ती तिच्या नोकरीचं सांगत बसली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं, वायरी जोडून द्यायचं काम. "इकडची वायर नीट, तिकडची वायर नीट, असं सांगून चालायचं नाही आम्हाला. दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलतायत हे कानाने ऐकायचं, मगच हात काढायचा." मी विचारलं, आणि कुणी न ऐकताच काढला तर? "सुपरवायझर असा झापायची की पुढच्या जन्मीही ऐकून काढेल!"

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अकरा वाजता माझा फोन खणखणला — मावशीचं बटण. पाच सेकंदांत बंद. रद्द केलं तिने. रोजचंच. पण आता मला त्या दहा मिनिटांचं कळलेलं, कशी बसणार? साधा फोन लावला. उचलेना. परत. उचलेना. मी उठले आणि पळत सुटले. पर्स तिथेच, कार्ड तिथेच. रिक्षात बसून घड्याळाकडे बघत होते. सहा मिनिटं. आठ मिनिटं. आता ती पडली असेल आणि हिरव्या दिव्याकडे बघत असेल, एवढंच डोक्यात.

दार तिनेच उघडलं. केस ओले. न्हायला गेली होती! मी तिच्या अंगावर ओरडले, मग तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. शेजारीण जिन्यातून बघत होती.

मग चहा घेताना मावशी एकदम म्हणाली, "तुला वाटतं बटण माझ्याकडून चुकून दाबलं जातं?" नाहीतर काय? "सकाळपासून चक्कर येत होती. चक्कर आली की मी ओट्याला टेकते. टेकले की ते दाबलं जातं. मग मी म्हणते, उगाच कशाला पोरीला धावडवायचं, आणि रद्द करते. चांगली धडधाकट असले तर मी कशाला टेकीन?"

टेकतं कोण? ज्याला उभं राहवत नाही तो! आणि त्याच्यापुढची दहा मिनिटंच आम्ही त्याचं ऐकत नाही. नेमकी तीच दहा मिनिटं!

२५ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हजारात किती जणांना होणार असं?" मी मावशीचं वाक्य ऐकवलं. माणूस वाईट नाही. त्यांच्या आईलाही आमचंच बटण आहे, मला माहीत आहे. मग म्हणाले, तिन्ही टीमची बैठक पुढच्या तिमाहीत लावता येईल, त्याआधी वरची परवानगी, खोली, विषयपत्रिका…

मी म्हटलं, "सर, तुमच्या आईला सांगा, पुढच्या तिमाहीपर्यंत टेकू नका."

उठून आले. आता दुसरी ताकीद आली तर येऊ दे, मगाला बशी झाली, झाकणही होईल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जिना! जिना कुठल्याच मजल्याचा नाही. तिथे कार्ड लागत नाही आणि परवानगीही लागत नाही.

तिन्ही टीमना एकेक चिठ्ठी दाराखालून सरकवली : "उद्या सकाळी साडेदहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधलं जिन्याचं वळण. आपापला लॅपटॉप आणा. दहा मिनिटांचं काम आहे."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशीला आणायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. तीच हटून बसली. "बटण माझं आहे. मी दाबणार." खाली पहारेकऱ्याने रजिस्टर पुढे केलं. कोणाला भेटायचंय या रकान्यात तिने लिहिलं — सगळ्यांना. त्याने सोडलं. फोनवाल्या बाईंनी आपली खुर्ची दिली, शालीसकट, आणि पहारेकऱ्यानेच ती लिफ्टमधून वर नेली.

साडेदहा वाजता जिन्यात मी, मावशी आणि खुर्ची. दुसरं कुणी नाही. पावणेअकराला चौथ्या मजल्यावरून ॲपवाली एक मुलगी उतरली, कानात गाण्याची वायर, "इथेच आहे का ते?" मग आमच्या टीमचा एक जण, सिगारेटला निघाल्यासारखं दाखवत. मी दुसऱ्या मजल्याच्या दाराकडे बघत होते. तो येणार नाही, का यावं त्याने, एवढं बोलून आलेय मी. अकराला दार उघडलं. दाढीवाला! हातात लॅपटॉप आणि मागे त्याची अख्खी टीम. माझ्याकडे न बघता मावशीला म्हणाला, "आजी, कुठलं मॉडेल आहे तुमचं?"

"आजी नाही, मावशी म्हण. आणि मॉडेल तुला माहीत, तू बनवलंयस."

लोक पायऱ्यांवर बसले. मावशीने बटण दाबलं. माझा फोन वाजला. तिने रद्द केलं, बंद झाला. "आता थांबायचं," ती म्हणाली, आणि सगळे थांबले. पाच मिनिटं. जिन्यात वीस माणसं, सगळी घड्याळाकडे बघत. मग ती म्हणाली, "आता मी पडले," आणि दाबलं.

हिरवा दिवा.

दाढीवाला स्क्रीनकडे बघून म्हणाला, "पाठवला. पोच आली." आमचा म्हणाला, "मिळाला. नक्कल म्हणून टाकला. नियमाप्रमाणे." ॲपवाली म्हणाली, "माझ्याकडे काहीच नाही आलं." माझा फोन पायरीवर मधोमध ठेवला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. मावशी बटण दाबतच राहिली, एकदा, दोनदा, पाचदा, दर वेळी हिरवा, आणि दर वेळी ती मान वर करून आमच्याकडे बघायची. मला वाटलं आता पुरे म्हणावं. म्हटलं नाही.

दाढीवाल्यानेच शेवटी तिचा हात धरला. "पुरे, मावशी. कळलं."

वरून साहेब उतरत होते. कितव्या पायरीपासून उभे होते कोण जाणे. मी मनाशी म्हटलं, आली ताकीद! ते म्हणाले, "नंबर द्यायला किती वेळ लागेल?" दाढीवाल्याने आमच्या माणसाकडे बघितलं, त्याने ॲपवालीकडे.

"आज इथेच बसलो तर सोमवारपर्यंत," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, बसा. आणि स्वतःही बसले, पायरीवर, इस्त्रीच्या पॅंटमध्ये!

२ मार्च, सोमवार

तिन्ही टीम मिळून प्रोग्रामच्या अडतीस ओळी बदलल्या. अडतीस! चार वर्षं आणि अडतीस ओळी.

शिव्या आठवल्या त्या सगळ्या मनात देऊन झाल्या. मग मावशीला फोन केला. ती म्हणाली, पोटभर जेव आता.

६ मार्च, शुक्रवार

मावशीच्या बटणात आज नंबरवाला नवा बदल बसला. दाबलं, रद्द केलं, एका मिनिटात परत दाबलं. माझा फोन असा खणखणला की शेजारीण धावत आली. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. मावशी म्हणाली, "आता पडायला हरकत नाही!"

दाढीवाला जिन्यात भेटतो हल्ली. चहा तिथेच पितो आम्ही, ॲपवालीही येते. मला त्याच्याशी चांगलं वागायला जमतं, पण आजोबांचं तिकीट आठवलं की मी चहा अर्धा टाकून उठते. तो नसेल, त्याच्या टीममधला कुणी असेल. त्याला एकदा तरी ते कळलं पाहिजे.

९ मार्च, सोमवार

साहेबांनी बोलावलं. वरचे खूश आहेत. सगळ्या टीममध्ये मेळ राहावा म्हणून नवी टीम काढायची ठरलीय — टीम पाच, समन्वय टीम! प्रमुख मी. पाचव्या मजल्यावर जागा. स्वतंत्र दार, स्वतंत्र कार्ड.

मला हसूच आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं हसून. "सर, अहो, आणखी एक दार?" त्यांनाही कळलं मग, ते पण हसले.

म्हटलं, मला बढती नको, दार नको. एकच द्या. यापुढे तिकीट बंद करेल त्याचं नाव दिसलं पाहिजे. टीमचा नंबर नाही, माणसाचं नाव. आणि जुन्या तिकिटांवरही.

"जुनी कशाला उकरायची? लोक दुखावतील."

"दुखावू देत. ते आजोबा सहा तास जमिनीवर होते. ज्याने ते तिकीट बंद केलं त्याने स्वतःचं नाव एकदा बघावं, एवढंच मागतेय. बाकी शिक्षा नको, काही नको. फक्त बघावं."

विचार करतो म्हणाले. मी सांगून आले, विचार जिन्यात बसून करा, तिथे लवकर होतो.

१२ मार्च, गुरुवार

मंजूर! उद्या सकाळपासून नावं दिसणार, जुन्यांसकट. नऊच्या ठोक्याला हजर राहणार मी.

१३ मार्च, शुक्रवार

आजोबांचं तिकीट सापडायला दोन मिनिटं लागली. टीम दोनकडे ते कधी गेलंच नव्हतं, दाढीवाला खरं बोलत होता. बाईंकडून ते थेट टीम तीनकडे आलं. उघडलं १७ जून, दहा वाजून चार मिनिटांनी. बंद दहा वाजून पाच. "आमच्या भागात दोष आढळला नाही." खाली माझं नाव.

आठवत नाही. कितीही ताण दिला तरी ते एक मिनिट आठवत नाही. मगावरचा जून तेवढा समोर आहे.

दुसऱ्या मजल्यावर जाऊन माफी मागितली, सगळ्यांसमोर बोलले होते तशी सगळ्यांसमोर. मग तळमजल्यावर गेले. बाईंनी वहीतून त्या मुलीचा नंबर उतरवून दिला, कशाला ते विचारलं नाही.

आता फोन लावते. आधी नाव सांगायचं.